लीप वर्षाचे पेढे

१

सुभेदारांचं घड्याळ गेल्याची बोंब झाली, आणि दुपार व्हायच्या आत चोरही ठरला.

जांभळवाडी हे साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णेकाठचं उसाचं गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळं गावाला अभिमान दोनच गोष्टींचा, ऊस आणि फौज. सुभेदार लालासाहेब गावातले सगळ्यात मोठे फौजी. नोकरीतून परतताना साहेबानं त्यांना एक मनगटी घड्याळ दिलं होतं. पाठीवर पलटणीचं नाव कोरलेलं, आणि तबकडीत एक बारीक खिडकी, तिच्यात रोजची तारीख. असं तारखेचं घड्याळ त्या वेळी गावात दुसरं नव्हतं. लोक वेळ दुसऱ्या कुणालाही विचारत, तारीख मात्र सुभेदारांना.

शहात्तर सालच्या मार्चातला पहिला मंगळवार. सुभेदारांचं म्हणणं सरळ होतं. शनिवारी संध्याकाळी घड्याळ कोनाड्यात ठेवलं, अर्जुना म्हशीचं दूध काढून आपल्या गावच्या जत्रेला गेला, रविवारी कोनाडा रिकामा. अर्जुना तिकडं माणदेशाकडचा. घरची पिढ्यान् पिढ्या मेंढरं, दुष्काळात तीही सरली, तेव्हा हा सुभेदारांच्या मळ्यात कामाला राहिला. पोरगा काटक आहे हे पाहून सुभेदारांनी त्याला फौजेसाठी तयार करायचं मनावर घेतलं होतं. दोन वर्षं रोज पहाटे नदीच्या वाटेनं त्याला पळवत होते. साताऱ्यात भरती पंधरा तारखेला होती आणि तिला सरपंचाचा चारित्र्याचा दाखला लागायचा. सरपंच नानासो सुभेदारांच्या शब्दाबाहेर नव्हते.

"चोर पलटणीत जायाचा न्हाई," सुभेदार चावडीत म्हणाले. "म्या जाऊ देनार न्हाई."

हंबीरराव फौजदारांना तिथं मुद्दाम बोलावलं होतं. पेन्शनीत निघाले तरी गावाच्या लेखी ते फौजदारच होते, आणि सुभेदारांचे लंगोटीयार. त्यांनी अर्जुनाला चार प्रश्न विचारले, उत्तरं सरळ आली. पण चार माणसं बघत होती, मित्र रागानं थरथरत होता, आणि सवय वाईट. हंबीरराव म्हणाले, झडती घ्यावी लागेल.

अर्जुनानं स्वतःच सदरा उतरवला, विजारीचे खिसे उलटे केले, आणि बायका पाण्याला जात होत्या त्या रस्त्याच्या तोंडाशी उघडा उभा राहिला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे विकलं असणार, असं लोकांनी लगेच ठरवून टाकलं.

२

घड्याळ सापडलं ते आठ दिवसांनी, आणि तेही सांगलीत.

सुभेदारांचा मुलगा सयाजी सांगलीला एका गिरणीत कामाला होता. बापलेकाचं फारसं जमत नसे. सयाजीला मळ्याची वाटणी हवी होती आणि सुभेदार हयात असेपर्यंत ती मिळायची नव्हती. तो अचानक गावी आला आणि सांगू लागला, की गणपती पेठेमागच्या बोळात बिराप्पा म्हणून जुन्या सामानाचा दुकानदार आहे, त्याच्याकडं आपलं घड्याळ विकायला ठेवलंय. पाठीवर पलटणीचं नाव आहे, म्हणजे शंकाच नको. बिराप्पा म्हणतो, एका तरण्या पोरानं आणून विकलं.

झालं. तरणा पोरगा म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं होतं? अर्जुनाला कुणी दारात उभं करेना. तो मळ्यातून आपली वळकटी उचलून गावाबाहेरच्या देवळात जाऊन राहिला. हंबीरराव एकदा त्याला तिथं भेटले. कबूल केलंस तर मी सुभेदारांना समजावतो, प्रकरण वाढू देत नाही, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं.

"न केलेलं कसं कबूल करू, सायेब?" तो म्हणाला. एवढंच बोलला आणि सोडलेल्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधून पळायला गेला. सुभेदार बरोबर नव्हते तरी त्यानं पहाटेचं पळणं सोडलं नव्हतं.

हंबीररावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. चोर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ज्याची भरती बुडणार हे ठरलेलं आहे, तो पळत राहत नाही. आणि दुसरा एक किडा डोक्यात वळवळत होता. सांगलीत शंभर बोळ असताना घड्याळ नेमकं सयाजीलाच कसं दिसलं? शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं ते सयाजीला बरोबर घेऊन सांगलीला निघाले.

३

बिराप्पाचं दुकान म्हणजे जगातल्या सगळ्या मोडक्या संसारांचं माहेर. कंदील, पत्र्याच्या ट्रंका, एक पाय तुटलेला पाळणा, कप्पी, बिनकाचेचे चष्मे, खुंटाळ्यावर टांगलेले जुने कोट. एका पेटीत सात-आठ घड्याळं टिकटिकत होती. त्यात सुभेदारांचंही.

हंबीररावांनी ते हातात घेतलं. वेळ जवळजवळ बरोबर होती. त्यांनी विचारलं, याला हात कोण लावतं? बिराप्पा म्हणाला की रोज सकाळी दुकान उघडलं की सगळ्या घड्याळांना चावी द्यायची हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. बंद घड्याळ कुणी घेत नाही. पण काट्यांना मात्र तो हात लावत नाही, कारण काटे फिरवताना काही बिघडलं की खापर दुकानदारावर फुटतं. पेटीतली इतर घड्याळं पाहिली तर ते खरंच होतं, कुठं तीन वाजले होते, कुठं नऊ.

"कुनी दिलं तुला हे?"

"तरणा पोरगा होता री, सायेब. नाव कोण इचारतं?"

हंबीररावांनी अर्जुनाचं वर्णन मुद्दाम उलटं सांगितलं. ठेंगणा, गोरा, मिशीवाला ना? बिराप्पानं होय होय म्हणून मान हलवली. अर्जुना सहा फुटी, काळासावळा आणि ओठावर अजून नुसती लव. म्हणजे बिराप्पा खोटं बोलत होता. पण का, ते कळेना.

त्यांनी घड्याळ पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. खिडकीत तेरा आकडा होता. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात शुक्रवार होता बाराचा. हंबीररावांनी तेव्हा ते मनाशी नोंदलं आणि पुढं सरकले, कारण तेवढ्यात त्यांची नजर खुंटाळ्यावरच्या एका खाकी कोटावर अडकली होती. कोटाला पितळी बटणं होती. एकच बटण काळं, विजारीचं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. ते बटण सुभेदारांच्या बायकोनं, मनुबाईंनी, शिवलं होतं आणि त्यावरून हंबीररावांनी सुभेदारांची थट्टा केली होती.

४

कोट पुढ्यात टाकल्यावर बिराप्पानं खरं सांगून टाकलं. महिन्यातून एकदा तो टेम्पो घेऊन साताऱ्याकडच्या गावांतून जुनं सामान गोळा करत फिरतो. त्या रविवारी भरदुपारी जांभळवाडीच्या मळ्यातल्या घरी एका म्हाताऱ्या बाईनं एक ट्रंक, दोन कंदील आणि हा कोट विकला होता. रात्री सांगलीत सामान उतरवताना कोटाच्या आतल्या खिशात घड्याळ लागलं. परत करावं असं मनात आलं होतं, पण मोह वाईट. पुढं सयाजी येऊन उभा राहिला तेव्हा चोरीचा माल म्हणून पोलीस धरतील या भीतीनं त्यानं तरणा पोरगा जन्माला घातला. त्यानं कोट आणि घड्याळ दोन्ही हंबीररावांच्या हाती दिलं आणि पाय धरले.

सयाजीला घड्याळ दिसण्यामागं काही काळंबेरं नव्हतं. घरात जुनी सायकल हवी म्हणून तो त्या बोळात गेला होता, इतकंच. परतीच्या गाडीत मात्र तो हुशारीनं म्हणाला, "फौजदारकाका, मग तर अर्जुनाच. शनवारी घड्याळ उचललं, कोटाच्या खिशात दडवलं, जत्रंवरनं आल्यावर काडून न्यायचं म्हणून. मधेच आईनं कोट इकला."

हे म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. कराड मागं पडलं तरी हंबीरराव घड्याळाकडं बघत होते. खिडकीतला तेराचा आकडा त्यांना काही केल्या गप्प बसू देईना.

या घड्याळाला फेब्रुवारी कळत नाही. त्याला सगळे महिने एकतीसचे. म्हणून लहान महिना संपला की पहिल्या तारखेला सकाळी सुभेदार चहा घेता घेता काटे गरागरा फिरवून तारीख पुढं ढकलत, हे हंबीररावांनी त्यांच्या ओसरीवर किती वेळा पाहिलं होतं. शनिवारपासून घड्याळ चोराच्या नाहीतर बिराप्पाच्या ताब्यात असतं आणि कुणी काट्यांना हात लावला नसता, तर ते एकोणतीसनंतर तीस, एकतीस करत गेलं असतं आणि आज मागं पडलं असतं. कुणी नीट लावलं असतं तर आज बारा दाखवलं असतं. तेरा, म्हणजे एक दिवस पुढं. ही चूक करायला अख्ख्या वर्षात एकच सकाळ होती. रविवारी एकोणतीस तारीख होती, आणि कुणीतरी ती पहिली समजून काटे फिरवले होते.

म्हणजे रविवारी सकाळी घड्याळ कोटाच्या खिशात दडलेलं नव्हतं, कुणाच्या तरी हातात होतं. अर्जुना तेव्हा माणदेशात जत्रेत होता. महिन्याच्या सुरुवातीला तारीख फिरवायची सवय असलेला माणूस त्या घरात एकच. मग ते कोटाच्या खिशात टाकून विसरलाही तोच असणार.

पण तो माणूस एकोणतीस फेब्रुवारी विसरेल? सुभेदार भरती झाले तेच छत्तीस सालच्या एकोणतीस फेब्रुवारीला. दर लीप वर्षी त्या दिवशी ते गावात पेढे वाटत आणि वर भाषण ठोकत. म्हणत, आपल्या पंचांगात हिशेब चुकला की अख्खा अधिक महिना वाढवतात, जावयाला अनारसे घालतात, इंग्रज चिक्कू, तो एका दिवसात भागवतो. म्हणत, शंभरानं भाग जाणारं साल लीप नसतं, एकोणीसशे नव्हतं, पण दोन हजार असणार, तवा मी नसंन, पेढं तुमी वाटा. असा माणूस तो दिवस विसरणं म्हणजे भटजीनं स्वतःच्या मुलीचं लग्न विसरणं.

आणि तेव्हा हंबीररावांना आठवलं, की यंदा पेढे आलेच नव्हते. त्या रविवारी धुतलेलं धोतर नेसून ते ओसरीवर वाट पाहत बसले होते. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून आदल्या आठवड्यात दोघांत थोडी बोलाचाली झाली होती, तिचाच राग असणार असं धरून ते रुसून बसले. उठून शंभर पावलांवरच्या मळ्यात गेले नाहीत. गेले असते तर तेव्हाच कळलं असतं.

साताऱ्याचा डोंगर दिसायला लागला तसं त्यांना वाटलं, घड्याळ सापडलंच नसतं तर बरं झालं असतं. पण लगेच देवळातला अर्जुना डोळ्यांपुढं आला.

५

शनिवारी सकाळी सुभेदार उसाला पाणी द्यायला गेले होते. हंबीररावांनी कोट मनुबाईंसमोर ठेवला. मनुबाईंनी काळ्या बटणावरून बोट फिरवलं.

"कोट म्या इकला, भावजी," त्या म्हणाल्या. "कसरीनं खाल्ला व्हता, पर ह्ये टाकू देत नव्हतं. निजलं तवा दिऊन टाकला. त्यात घड्याळ हाय ह्ये मला काय ठावं? सयाजीनं सांगलीच्या बिराप्पाचं नाव घ्येतलं, तवा काळजात चर्र झालं."

मग बोलला का नाहीत, असं हंबीररावांनी विचारलं. मनुबाईंनी कोटाची घडी घातली. मग एकेक सांगू लागल्या. दिवाळीपासून सुभेदारांचं असं चाललं होतं. चष्मा पिठाच्या डब्यात सापडे. बाजारातून घरी येताना वाट चुकत आणि चुकल्याचा राग बैलावर काढत. एकदा सयाजीला आपल्या मेलेल्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. त्या मागं मागं राहून सगळं सावरत होत्या, कुणाला वास लागू देत नव्हत्या. सयाजीला कळलं तर मळा नावावर करून घेऊन दोघांना सांगलीच्या एका खोलीत नेऊन ठेवील, आणि गावाला कळलं तर पोरंटोरं मागं लागतील.

"ज्या मानसाला समदं गाव तारीख इचारतं, त्याला आज वार कोनता ह्ये ठावं न्हाई, असं म्या चावडीत सांगायचं व्हतं?"

"आनी अर्जुना, वहिनी?"

"त्यो तरना हाय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हनलं, निभावंल." आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. पोराला त्यांनी दोन वर्षं आपल्या हातानं भाकरी वाढली होती.

हंबीररावांना त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. सोयीचा चोर त्यांनीही कबूल केलाच होता. दारात पावलं वाजली. सुभेदार आले होते.

६

सुभेदारांनी घड्याळ पाहिलं आणि आनंदानं मनगटावर चढवलं. अर्जुनानं कबूल केलं का, असं विचारलं. हंबीररावांनी त्यांना बाजेवर बसवलं आणि कोट, बिराप्पा, रविवारची सकाळ, सगळं शांतपणे सांगितलं. सुभेदार आधी हसले, मग भडकले. आपण काटे फिरवलेच नाहीत, कोटात घड्याळ ठेवलंच नाही, शनिवारी कोनाड्यात ठेवलं ते पक्कं आठवतंय, असं म्हणत राहिले. बोलता बोलता त्यांची नजर तारखेच्या खिडकीवर गेली. त्यांनी हंबीररावांना आजची तारीख विचारली, ती खिडकीतल्या आकड्याशी ताडून पाहिली आणि घड्याळ मनगटावरून उतरवलं. असा हिशेब त्यांना अजून करता येत होता, हेच वाईट.

"फौजदार," ते म्हणाले, "औंदा एकोणतीस आली व्हती?"

"आली व्हती, सुभेदार. रविवारी."

"मग म्या पेढं का न्हाई वाटलं?"

मनुबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.  हंबीरराव मित्राचा हात धरून बसले.

सुभेदार खरे फौजी. त्याच संध्याकाळी त्यांनी चावडीत माणसं गोळा केली, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगा सोन्यावानी हाय. चूक माजी. म्या इसरलो, आन् चोर त्याला म्हनलो. त्याची माफी मागतो." गावानं खाली माना घातल्या. नानासोंनी तिथल्या तिथं दाखला लिहिला. पण ज्याची माफी मागितली तो चावडीत नव्हता. दाखल्याशिवायच नशीब बघू म्हणून अर्जुना दुपारीच चालत साताऱ्याला गेला होता.

सोमवारी पहाटे हंबीररावांनी दाखला नेऊन भरतीच्या मैदानावर त्याच्या हातात दिला. सुभेदारांनी काय केलं, तेही सांगितलं. अर्जुनानं कागदाची घडी खिशात घातली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. तो भरती झाला. निरोप घ्यायला गावात आला नाही.

७

त्यानंतर सुभेदार लवकर ढासळले. पावसाळ्याच्या आतच चावडीतली ती संध्याकाळ त्यांच्या मनातून पुसली गेली, घड्याळ गेलं होतं हेही पुसलं गेलं. राहिला फक्त अर्जुना. रोज पहाटे ओसरीवर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, अर्जुना पळायला का येईना, त्याची भरती जवळ आली. हंबीररावांनी आधी दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं. दर वेळी सुभेदारांना आपण त्या पोराला चोर म्हटल्याचं जणू पहिल्यांदाच कळे आणि ते लहान पोरासारखे रडत. मग हंबीररावांनी सांगणं सोडलं. येईल उद्या, एवढंच म्हणत.

वर्ष उलटल्यावर अर्जुना खरंच आला, पहिल्या रजेवर. सुभेदारांची ही अवस्था त्याच्या कानावर गेली असावी. अंगावर कडक गणवेश, छाती भरलेली. हंबीरराव तेव्हा ओसरीवरच होते. त्याला पाहून सुभेदार काठी टाकून उठले, त्याचा खांदा चाचपला आणि उशीर केला म्हणून मायेनं रागावले. उद्या पहाटे नदीपर्यंत पळायचं, दम कमी पडतोय तुझा, असं बजावून आत पाणी आणायला गेले आणि कशासाठी आत आलो ते विसरून तिथंच बसून राहिले.

अर्जुना खांबाला टेकून उभा होता.

"वरीसभर ठरवत व्हतो, सायेब," तो म्हणाला. "समोर जायाचं, त्येंनी माज्या तोंडावर चूक म्हनायचं, आन् मग म्या म्हनायचं, जाऊ द्या. आता जाऊ द्या म्हनायचं, तर कुनाला म्हनू?"

"मला म्हन," हंबीरराव म्हणाले. "झडती म्या घेतली. मला समदं आठवतंय."

अर्जुनानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग 'जाऊ द्या' न म्हणताच घरात गेला, आणि आतून त्याचा आवाज आला. तो सुभेदारांना उद्या किती वाजता निघायचं ते विचारत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हंबीरराव आपल्या दारात उभे राहिले. नदीच्या वाटेनं दोघं चालले होते, पळणं आता सुभेदारांना झेपण्यासारखं नव्हतं. सुभेदार पुढं, मोठ्यानं पावलं मोजत, आणि अर्जुना एक हात त्यांच्या पाठीमागं धरून त्यांच्या चालीनं. हंबीररावांच्या दारावरून जाताना सुभेदारांनी हात वर केला. अर्जुना सरळ समोर बघत पुढं गेला.